नवरात्रात थांबलेला स्क्रू

ओम आणि रिया,

दातांना जागा व्हावी म्हणून ओमच्या टाळूत बसवलेल्या पट्टीचा स्क्रू रोज किल्लीने फिरवायचा असतो आणि तो त्याने दोन दिवस टाळला, असे तुमची आई काल फोनवर म्हणाली. रागवायला लातूरहून येणे तुमच्या या आजीला जमत नाही. म्हणून नांदेडला हाडांची सर्जन असतानाची एक केस लिहून पाठवते.

माहूरजवळच्या खेड्यातली वैशाली, वय एकोणीस. तिच्या पायाच्या चौथ्या बोटामागचे हाड जन्मतः आखूड होते. त्यामुळे चालताना त्याचा भार शेजारच्या हाडावर पडायचा. तिला पोलीस भरतीसाठी पळायचे होते आणि ग्राउंडच्या दोन फेऱ्यांतच तळवा ठणकायचा. मी हाड कापले, पिना घालून बाहेरून छोटी फ्रेम बसवली. आठवड्याने फ्रेमचा स्क्रू फिरवणे सुरू केले. सकाळ-संध्याकाळ पाव फेरा. त्याने कापलेल्या हाडातली फट हळूहळू वाढते, तिच्यात नवे हाड भरते. किल्ली आईच्या, अनुसयाबाईंच्या हाती दिली.

दसऱ्यानंतर दोघी तपासणीला आल्या. एक्स-रेमध्ये फट वाढलेली नव्हती, उलट भरत आली होती.

"स्क्रू फिरवला नाही?"

"घट बसले होते ना, मॅडम. नऊ दिवस आमच्यात नख बी कापत न्हाईत. हाडाला कसा हात लावावा?"

"फोन करायचा होता."

"तुमी न्हाई म्हनला असता."

वैशाली म्हणाली, "मी रोज मागून राहिले होते. आईनं किल्ली देव्हाऱ्यात ठिवली, कुकू लावून."

हाड पुरते जुळले असेल, तर ते पुन्हा कापावे लागणार होते. म्हणजे पुढच्या वर्षीची भरती गेली. जुळलेल्या हाडावर जोर लावला तर पिन वाकते. मी किल्ली लावली. फिरेना. थोडे थांबून पुन्हा लावली, तेव्हा पाव फेरा सरकली.

"दुखलं?"

"लई."

मला बरे वाटले. पिन वाकली असती, तर एवढे दुखले नसते; दुखले म्हणजे हाडच सरकले होते. तीन दिवस वॉर्डात ठेवून मीच स्क्रू फिरवला. नव्या एक्स-रेत फट रुंदावली होती.

घरी जाताना अनुसयाबाईंनी विचारले, "अमावास्येला?"

"फिरवायचा."

"सुतक पडलं तर?"

"तरी फिरवायचा. देवीला माझं नाव सांगा."

हाड दोन मिलिमीटर कमीच राहिले. पुढे ताणणे बोटाला झेपले नसते. पण ठणका गेला. पुढच्या वर्षी ती भरती झाली.

चूक माझीही होती. किती फेरे ते मी सांगितले, कोणत्या दिवशी फिरवणार नाही हे विचारले नाही. तेव्हापासून आमच्या सूचनापत्रकात एक ओळ घातली: 'घरात सण, उपास, सुतक आहे का?' मी निवृत्त झाले; ती ओळ अजून छापली जाते.