मनगटावरचं नाव

मुलीच्या बाळंतपणाला परदेशी गेले आणि तिसऱ्याच आठवड्यात माझ्यावरच पोट धरून बसायची वेळ आली. पित्ताशयात खडे, त्यात पू. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी ऑपरेशन झालंच पाहिजे. इस्पितळाला त्याआधी विमा कंपनीचं पत्र हवं होतं. विमा होता. सोलापुरात आमच्या गल्लीतल्या एजंटाने आधार कार्ड बघून दहा मिनिटांत उतरवला होता.

घोळ तिथेच होता. आधारवर माझं सासरचं नाव. पासपोर्ट मात्र शाळेच्या दाखल्यावरून काढलेला, त्यावर माहेरचं. आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझं नाव, आडनाव, सगळं त्या दिवशी बदललं. जुनं पुन्हा कुणी घेतलं नाही, माहेरीसुद्धा मी नुसती 'बाय' झाले. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, या दोन वेगळ्या बायका आहेत. आता तांदळाचा पुरावा कुठून आणू, डोंबल!

इस्पितळाने माझ्या मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधला, पासपोर्टवरच्या नावाचा. सगळे मला त्याच नावाने हाका मारू लागले. तिकडे उन्हाळ्यात दिवस मावळता मावळत नाही. त्या पांढऱ्या उजेडात लांबून हाक यायची आणि अंगावर काटा उभा राहायचा. त्या नावाची मुलगी उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावात राहत होती. धरण भरलं तेव्हा आम्ही सामान घेऊन वर आलो आणि पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. ती मात्र तिथेच राहिली, असं मला उगीच वाटायचं. त्या दिवशी एकदा हाक आली आणि मला कळायच्या आत कुणीतरी ओ दिली. माझ्याच तोंडून, पण बारीक, पोरीच्या आवाजात. मी घाबरले. उद्या पोट कुणाचं कापणार, तिचं की माझं?

शेवटी कंपनीने सांगितलं, रक्ताचं माणूस समोर येऊन ओळखू दे. जेऊरजवळ राहणारा माझा थोरला भाऊ तेवढा उरला होता. व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे कंपनीचा माणूसही होता आणि त्याला भाषांतर करून सांगायला माझी मुलगी. माझं कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या सगळं ऑपरेशनसाठी काढून ठेवलेलं, डोक्याला टोपी. मुलीने माझं माहेरचं नाव घेऊन विचारलं, हीच का ती? भावाने निरखून बघितलं.

"ही न्हाय," तो म्हणाला. "माजी भन न्हाय ही."

दर भाऊबीजेला मी त्याला ओवाळत आले आहे. मुलगी त्याचं भाषांतर करायच्या आत मीच बोलले, आणि सोलापुरात आल्यापासून कधी न बोललेली बोली तोंडातून आली.

"दादा, पानी दारात आलं तवा तू कोंबड्या काडल्यास आन माजी साळंची पाटी उतरंडीमागं इसरलास की. मी लई रडले हुते."

भावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "व्हय, हीच की ती," तो म्हणाला. मग फोन जवळ घेऊन हळूच विचारलं, "कुटं हुतीस गं इतकी वर्सं?"



पत्र आलं, ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी नर्स कात्री घेऊन आली आणि तिने आधी विचारलं, पट्टा काढू का? तांदळात नाव लिहिलं तेव्हा मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. मी हात मागे घेतला.