टोलेकाकांचं घड्याळ

गुरुवार, १३ मार्च. ५.१० ला उठले. गुडघा ठीक. ८.२० ला शाळेत, राखीव पर्यवेक्षक म्हणून. मोबाइल गेटवर जमा. वरच्या मजल्यावर एका मुलीला घेरी आली, आता बरी आहे. पेपर १२ ऐवजी १२.०८ ला सुटला. एक पानी लेखी खुलासा दिला. येताना पांढरा दोरा आणि सहा बटणं आणली. वाळत घातलेल्या चादरी शेजारणीने काढून ठेवल्या होत्या.

हे सगळं खरं आहे. बाईंच्या डायरीत खोटं काही नसतं. मात्र ज्या गोष्टीला त्या दिवशी सगळ्यात जास्त जागा लागली असती, ती त्यांनी एका ओळीत उरकून टाकली आणि बटणं मात्र मोजून लिहिली.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, केव्हाच्या निवृत्त, पण परीक्षेला माणूस कमी पडलं की शाळा त्यांना बोलावते. यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. शाळेत गणित शिकवत तेव्हा मुलांनी त्यांचं नाव मिनिटबाई ठेवलं होतं, कारण त्या वहीवर तारखेबरोबर वेळही लिहायला लावत. त्या स्वतः कॉन्व्हेंटात शिकलेल्या. तिथं सिस्टर सांगत, घंटा झाली की हातातलं अक्षर अर्धं असलं तरी तिथंच सोडायचं. ते बाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. हातावर यजमानांनी दिलेलं अंडाकृती घड्याळ चाळीस वर्षं होतं. दोन वर्षांपूर्वी लेकीनं मोबाइल दिला आणि घड्याळ कपाटात रुमालांच्या खाली गेलं. मोबाइल म्हणे आकाशातून वेळ घेतो. घड्याळ बिचारं आपल्या पोटात असेल तेवढंच सांगतं. बाईंना हा युक्तिवाद पटला होता. डायरीतल्या वेळा आता आकाशातून येत होत्या.

शाळेत या युक्तिवादाची साथच आली होती. शिक्षकांच्या खोलीत एकाच्याही मनगटावर काटे उरले नव्हते. होते ते पावलं मोजणारे पट्टे. मुख्याध्यापक म्हणजे बाईंचाच आठवीतला विद्यार्थी. त्याला वेळ बघायची झाली की तो खिशातून मोबाइल काढी, दोन निरोपांना उत्तर देई, एक फोटो बघून हसे, मोबाइल खिशात ठेवी आणि मग पुन्हा काढी, कारण वेळ बघायची राहिलेली असे.

त्यानंच जानेवारीत घंटेची सुधारणा केली. व्हरांड्याच्या टोकाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि तेहतीस वर्षं टोलेकाका त्यावर हातोडा मारून शाळा भरवत आणि सोडत आले होते. त्याच्या डोक्यावर आता एक भोंगा बसला. तो मुख्याध्यापकांच्या मोबाइलवरून वाजे. काकांना मुख्याध्यापकांनी प्रेमानं सांगितलं की आता आराम करा, मे महिन्यात निवृत्तच होणार आहात. काका बरं म्हणाले आणि रुळाचा तुकडा पुसत राहिले. भोंगा वाजू लागल्यापासून तो जरा जास्तच चकाकत होता.

टोलेकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. पंचविसाव्या वर्षी ते शाळेत शिपाई म्हणून लागले तेव्हापासून त्यांच्या डाव्या मनगटावर थोरल्या भावाचं चावीचं घड्याळ आहे. तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हातोडा मारताना काचेला धक्का नको. काच इतकी चरे पडलेली की वेळ बघायला ते हात उन्हाकडे तिरका करत. रोज सकाळी चहा झाला की बावीस वेळा चावी. मोजून. काकू म्हणायच्या, "घड्याळाशी बोलतात तेवढं माझ्याशी बोलले असते तर मी दोन भाकऱ्या जास्त घातल्या असत्या." तेहतीस वर्षांत त्यांचा टोल चुकला असं कोणी म्हणालं नव्हतं. एवढीच त्यांची मिळकत, आणि मे महिन्यात ती घेऊन ते घरी जाणार होते.

आणि यंदा शालान्त परीक्षेला नवा नियम आला. केंद्रात कुणाजवळही विजेवर चालणारं काही नको. विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक, सगळ्यांचे मोबाइल आणि पावलं मोजणारे पट्टे गेटवरच्या पत्र्याच्या पेटीत. किल्ली बाहेरून आलेल्या निरीक्षकांकडे. साडेआठला पेटीला कुलूप लागलं आणि आठ एकतीसला मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की आपली घंटासुद्धा पेटीतच गेली. भिंतीवरच्या घड्याळांकडे धाव घेतली. अकरा खोल्यांत मिळून तीन घड्याळं चालू होती आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. व्हरांड्यातलं तर गेल्या वर्षीपासून दहाला वीस कमी म्हणत होतं.

अडला हरी, असं आपल्यात म्हणतात. पुढचं म्हणायची गरज नाही. मुख्याध्यापक टोलेकाकांसमोर जाऊन उभे राहिले.

"काका, ते तुमचं घड्याळ चालतंय ना हो?"

"चावी दिली की चालतं," काका म्हणाले. "पेटीत टाकायचं का तेही?"

निरीक्षकांनी काकांचा हात उलटा करून घड्याळ पाहिलं, कानाला लावलं आणि यात वीज नाही असा निर्वाळा दिला. दोनशे चौदा मुलांची परीक्षा एका चरे पडलेल्या काचेवर सोपवली गेली.

बाईंची खुर्ची व्हरांड्यात, रुळाच्या तुकड्याजवळच होती. कुणी पर्यवेक्षक आजारी पडला तरच राखीव माणसाला काम, तोवर नुसतं बसायचं. नऊला पाच टोल पडले. पहिला तास, दुसरा तास. साडेअकराला काकांनी इशाऱ्याचा एक टोल दिला, म्हणजे अर्धा तास उरला. त्यानंतर दोन-तीन मिनिटांतच वरच्या मजल्यावरून कुणी पळत आलं. सहा नंबरच्या खोलीत मुलगी कोसळली होती. समोरच्या रस्त्यावर डॉक्टर होते, एरवी एका फोनवर आले असते. पण फोन सगळे पेटीत. मुख्याध्यापक वर धावले. डॉक्टरांना बोलवायला पाय असलेलं माणूस हवं होतं, दवाखाना बाराशिवाय उघडत नसे, आणि डॉक्टरांच्या घराच्या मागच्या दाराची वाट फक्त काकांना ठाऊक.

काकांनी पट्टा सोडला आणि घड्याळ बाईंच्या हातात दिलं.

"बाई, मला उशीर झाला तर बारा-सातला पाच टोल द्या."

आणि ते गेले.

बाईंनी घड्याळ उन्हाकडे तिरकं केलं. अकरा चाळीस. इतक्यात दहा मिनिटं गेली? त्यांना जरा नवल वाटलं. पण या वयात वेळ पळतेच, हे त्यांनी डायरीत पूर्वीही दोनदा लिहिलं होतं. मग त्या बारा-सातचा विचार करू लागल्या. छापील वेळापत्रक त्यांच्या पर्समध्ये होतं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, नऊ ते बारा. सात मिनिटं कसली? पळायच्या घाईत म्हाताऱ्याची जीभ घसरली असेल. किंवा मुलांवर माया, आणखी काय. दर वर्षी असाच चोरून वेळ देत असतील. माया बाईंनाही होती, पण वेळापत्रकाबाहेर नव्हती. त्यांनी मनाशी काकांना माफ केलं, आणि त्यांची चूक गाजावाजा न करता दुरुस्त करायचं ठरवलं.

काट्यावर काटा आला. बाई उठल्या, दोन्ही हातांनी हातोडा धरला आणि पाच टोल दिले. जोराचे, स्वच्छ. गुडघ्यातही कळ आली नाही. खाली बसताना त्यांना चक्क बरं वाटत होतं.

खोल्याखोल्यांतून हाय हाय उठली, तशी ती दर पेपरला उठतेच. शाळेची शिस्त अशी की उत्तरपत्रिका मोजून होईपर्यंत मुलांनी बाकावर हाताची घडी घालून बसायचं. पर्यवेक्षक गोळा करू लागले. तेवढ्यात मुख्याध्यापक जिन्यावरून उतरले. तीन तासांहून जास्त वेळ मोबाइलशिवाय काढल्यानं त्यांचा चेहरा उपाशी दिसत होता. मोजणी होईपर्यंतही त्यांना दम निघेना. त्यांनी निरीक्षकांना गेटपर्यंत नेलं, पेटी उघडवली आणि आपला मोबाइल काढला. या एका खेपेला मात्र त्यांनी आधी वेळ पाहिली.

अकरा सत्तावन्न.

मग निरीक्षकांनी आपला काढला. अकरा सत्तावन्न. आकाशाचं दोघांशीही एकमत होतं.

काका त्याच वेळी डॉक्टरांना वर पोचवून धापा टाकत खाली येत होते. टोल त्यांना रस्त्यातच ऐकू आले होते. व्हरांड्यात मुख्याध्यापक, निरीक्षक आणि तीन पर्यवेक्षक जमले होते. काकांनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, मग बाईंच्या हातातल्या घड्याळाकडे. त्यांना सगळं कळलं. बाईंना अजून काहीच कळलं नव्हतं.

"मी जानेवारीतच म्हणत होतो," मुख्याध्यापक म्हणाले. "या जुन्या डब्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. काका, हे घड्याळ पुढे आहे. मुलांची सात मिनिटं गेली. आता तुम्हाला लेखी द्यावं लागेल. तुमच्या सेवापुस्तकात लागेल ते, माझा इलाज नाही."

काका एकदा बाईंकडे बघून म्हणाले, "माझंच चुकलं. काय लिहायचं ते सांगा, सही करतो."

आता बाईंना कळलं. बारा-सात म्हणजे बारा. काकांनी बरोबर वेळ सांगितली होती आणि ती बाईंनी वेळापत्रक काढून चुकीची केली होती. यापुढे जे झालं त्याची नोंद डायरीत नाही. बाई गप्प बसल्या. किती वेळ, ते त्यांना सांगता येणार नाही, आणि घड्याळ तर त्यांच्याच हातात होतं. एवढं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं की काका मे महिन्यात जाणारच आहेत, एका कागदानं पेन्शन काही थांबत नाही. आणि मिनिटबाईंनी घंटा चुकवली हे गावभर व्हायला संध्याकाळही लागणार नाही. मूग गिळायला फार कष्ट पडत नाहीत, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

मग त्यांनी काकांकडे पाहिलं. ते खिशात पेन शोधत होते. त्यांना पेन सापडत नव्हतं.

"लेखी मी देते," बाई म्हणाल्या. "काकांनी बारा-सात सांगितलं होतं. मी बाराला वाजवलं."

"बाई, तुम्ही?"

"मी. तुला आठवीत काय सांगत होते? उदाहरण पूर्ण वाच, मग सोडव. मी नाही वाचलं."

मुख्याध्यापकांनी आठवीत पाहत तसंच जमिनीकडे पाहिलं. निरीक्षक शहाणे होते, त्यांनी कारण बाजूला ठेवून एवढंच विचारलं की मुलं कुठं आहेत. मुलं बाकावरच होती, हाताची घडी घालून. मुख्याध्यापकांना मोबाइलचा धीर धरवला असता तर ती घरी पोचली असती आणि मग देवालाही काही करता आलं नसतं. निरीक्षकांनी उत्तरपत्रिका परत वाटायला सांगितल्या आणि सात मिनिटं द्या म्हणाले. पण मुलांच्या हातात पेपर म्हणजे परीक्षा चालू, आणि परीक्षा चालू म्हणजे नियम चालू. मुख्याध्यापकांनी आपला मोबाइल स्वतःच्या हातानं पुन्हा पेटीत ठेवला. कुलूप लागलं. वर दवाखाना केलेल्या खोलीत ती मुलगी साखरेचं पाणी पिऊन पडल्यापडल्या शेवटचा प्रश्न लिहू लागली.

"अकरा सत्तावन्नचे बारा-एक होतील वाटून होईपर्यंत," काका म्हणाले. "म्हणजे माझ्या घड्याळात बारा-आठ. बारा-पंधराला टोल."

बाईंनी घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते मनगटाच्या आत बांधलं. दोघं रुळाच्या तुकड्यापाशी उभे राहिले. दोनशे चौदा पेनं चालल्याचा आवाज ऐकू येत होता, किंवा बाईंना तसं वाटलं. त्यांनी हळूच विचारलं, सातच का.

काकांनी सांगितलं. नोकरीचा पहिलाच आठवडा, चावी द्यायची राहिली, घड्याळ अडलं आणि घंटा सात मिनिटं उशिरा झाली. तेव्हाच्या मोठ्या बाई रागावल्या नाहीत. आपल्या घड्याळाकडे बघून इतकंच म्हणाल्या, सात मिनिटं, चारशे मुलं, गुणाकार करा. काकांनी घरी जाऊन केला. शेहेचाळीस तास चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काटे सात मिनिटं पुढे केले, ते आजतागायत.

"पण तुम्हाला ठाऊक असतं की ते पुढे आहे. वजा करूनच वाजवता. मग उपयोग काय?"

"वजाबाकी करताना माणूस जागा असतो, बाई. नुसती वेळ बघितली की झोप लागते. तो मोबाइल बघा, कधी चुकत नाही, म्हणून त्याला कुणी नीट बघतही नाही."

"मग मला सांगायचं होतंत, घड्याळ पुढे आहे म्हणून."

काका जरा ओशाळले. "घंटा वाजवणाऱ्याचं घड्याळ चुकीचं आहे, हे सांगायचं कुणाला? बायकोला ठाऊक आहे फक्त. तिनं आजवर फोडलं नाही."

बारा-पंधरा झाले. काकांनी पाच टोल दिले.

खुलासा बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसूनच लिहिला, एक पान, खाडाखोड नाही. घड्याळ पुढे का असतं ते लिहायची वेळ आली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि 'घड्याळाची पद्धत मला माहीत नव्हती' एवढंच लिहिलं. मुख्याध्यापकांनी वाचून फाइलला लावलं. पुढच्या पेपरलाही काकाच टोल देतील ना, असं त्यांनी विचारलं, आणि विचारलं तेही काकांना नाही, बाईंना.

घरी आल्यावर बाईंनी गुणाकार केला. दोनशे चौदा गुणिले सात. चोवीस तास अठ्ठावन्न मिनिटं. एक दिवस आणि वर एक तास, त्यातली दोन मिनिटं कमी. ते परत मिळाले होते, तरी त्यांनी गणित दोनदा ताडून पाहिलं. मग कपाटातून रुमालांखालचं अंडाकृती घड्याळ काढलं, बावीस वेळा चावी दिली आणि कानाला लावलं. चालत होतं. काटे पुढे करायचे की नाही यावर त्यांनी थोडा विचार केला. शेवटी मोबाइल काढून बरोबर वेळ लावली. वजाबाकी करायची लायकी अजून आपली नाही, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर त्यांनी डायरी उघडली आणि जे लिहिलं ते वर दिलंच आहे. बटणांच्या आणि चादरींच्या खाली आणखी एक ओळ आहे:

गॅस सिलिंडर ७.१२ ला संपला, दुसरा लावला.