शेराचा चीक

शांता, गोंदियाच्या फलाटावर तू माझ्या पदराला धरून रडत होतीस आणि बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "नशीब काढलं पोरीनं, सरकारी नोकरीवाला जावई भेटला." छोट्या लाईनची गाडी सुटली. बालाघाटच्या पुढं कोळशाच्या धुरानं मला ओकारी झाली, नव्या शालूवर. ह्यांनी नाकाला रुमाल लावून तोंड खिडकीकडं फिरवलं. जबलपूर येईपर्यंत मी तो शालू तसाच अंगावर घेऊन बसले. हे मी तुला कधी लिहिलं नाही. आणखीही एक गोष्ट लिहिली नाही, ती आज लिहिते.

आमचं क्वार्टर दारूगोळ्याच्या कारखान्याच्या लाईनीत शेवटचं. मागं अंगण म्हणजे मुरूम आणि खडक. नळ सकाळी तासभर. पहिल्या उन्हाळ्यात तुळस जळली, मोगरा जळला, भेंडीचे कोंब तर वर आलेच नाहीत. सिहोऱ्याहून भाजी घेऊन येणारी एक बाई होती, तिनं एक दिवस शेराची फांदी आणून दिली. आपल्याकडं बांधावर लावतात ना, पानं नसलेला, नुसत्या हिरव्या कांड्यांचा, तोच. म्हणाली, "बाई, आठ दिन छाया में सुखाना, फिर गाड़ना. पानी मत देना, सड़ जाएगा. और दूध आँख में गया तो आँख गई समझो."

तिनं सांगितलं तसंच केलं. फांदी व्हरांड्यात ठेवली, कापल्या जागी खपली धरली, मग मुरुमात विटांचे तुकडे मिसळून रोवली. वर्षभर ती नुसती उभी होती. मग जी सुटली ती सातव्या वर्षी कौलांच्या वर गेली. मेच्या उन्हात अख्ख्या लाईनीत हिरवं असं तेवढंच. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग पासष्टची लढाई आली. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी, रजा बंद, रविवार बंद. हे घरी यायचे ते जेवता जेवता पेंगायचे. एका दुपारी लवकरच आले. दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरलेले. "ॲसिड उडालं," म्हणाले. डॉक्टरनं आठ दिवसांची रजा दिली. त्या आठ दिवसांत मी काय नाही केलं! फोड फुटून पाणी वाहायचं, वास यायचा. मी जुनं पातळ फाडून पट्ट्या केल्या, खोबरेल लावलं, भात कालवून घास भरवले. देवापुढं बसून रडले. बाबांना पत्र लिहिलं, की तुमच्या जावयाचे हात देशासाठी भाजले. बाबांनी ते शाळेत पोरांसमोर वाचून दाखवलं, हे तूच मला कळवलंस.

महिना झाला नसेल, शेजारच्या सोनटक्के वहिनी मागच्या दारानं आल्या. ह्यांना नोकरीला चिकटवलं ते सोनटक्क्यांनीच. लाईनीतला मोठा माणूस, लढाई सुरू झाली तेव्हा चौकात उभं राहून त्यांनी भाषण केलं होतं. वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, तुमच्या झाडाचा चीक कशानं उतरते?"

"का? कुठं लागला?"

"ह्यांच्या डोळ्यात गेला. जास्तच पडला. हातावर लावला तर आठच दिवस भेटतात, म्हणून..." त्या एकदम थांबल्या.

मला काही क्षण समजलंच नाही. मग मी म्हणाले, "डॉक्टरला सांगा ना, चीक गेला म्हणून!"

"मशीनचं तेल उडालं असं लिहून दिलं आहे. आता खरं सांगितलं तर नोकरी जाईल. तीन पोरी आहेत माझ्या. तुम्हाला माझी शपथ आहे."

त्या गेल्यावर मी झाडापाशी गेले. माझ्या डोक्याच्या वरच्या कांड्या एकसारख्या छाटलेल्या, प्रत्येक टोकावर पांढरा चीक वाळलेला. भिंतीच्या खाचेत अर्धं ब्लेड होतं, चिंधीत गुंडाळलेलं. चिंधी माझ्याच पातळाची.

हे आले तेव्हा मी ती चिंधी समोर धरली. हे शांतपणे बूट काढत राहिले.

"अख्खी लाईन करून राहिली. काहून मीच मरू? आठ दिवस झोपलो तरी."

थकलो म्हणाले असते तर मी काय हाकलून दिलं असतं? पण माझ्याकडून फोड पुसून घेतले, घास भरवून घेतले, मला रडू दिलं. त्या दिवशी मी चार वेळा साबणानं हात धुतले आणि ह्यांच्या ताटाला हात लावला नाही.

आणि तरी, शांता, मीही डॉक्टरकडं गेले नाही. दवाखाना शंभर पावलांवर होता. तिसऱ्या दिवशी सोनटक्क्यांचा डोळा गेला.

पुढं कारखान्याच्या मैदानावर त्यांचा सत्कार झाला. देशासाठी नेत्र अर्पण केला म्हणून हार, शाल, थर्मास. त्यांनी भाषण केलं, गळा भरून आला त्यांचा. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. मी उठून घरी आले.

दुसऱ्याच दिवशी डोक्याला फडकं बांधून, ह्यांचा कारखान्यातला चष्मा लावून मी झाड तोडलं. घावागणिक चीक धारेनं वाहत होता. सगळे तुकडे लाईनीमागच्या नाल्याकाठी फेकून आले. पुढचा पावसाळा सरला तोवर एकेक तुकडा उभा राहिला. एक झाड होतं, त्याचं रान झालं. आणि लोकांना आता माझ्या अंगणात शिरायचीही गरज उरली नाही.

बाबा तोच अभिमान उरात घेऊन गेले. त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही.

हे रिटायर झाले तेव्हा तू लिहिलंस, शेजारची जागा ठेवली आहे, आता घरी या. ह्यांना यायचं होतं. तिकडं ह्यांना लोक खुर्ची देतात. मी म्हणाले, "तुम्ही खुशाल जा." गेले नाहीत. मदन महालच्या डोंगराखाली आम्ही दोन खोल्या घेतल्या. एकमेकांशी बोलतो, जेवतो. सोनटक्के ओमतीच्या बाजारात भेटतात, काळा चष्मा लावून. मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.

तू विचारतेस, त्या परक्या गावात काय ठेवलं आहे? काही नाही ग. या गावाची मला अजून किळस येते, माझी स्वतःचीही येते. पण तिकडं आले तर पहिल्याच दिवशी कोणीतरी ह्यांचे हात पाहायला मागेल, पाया पडेल, आणि मला तिथं उभं राहून हसावं लागेल. इथं जुन्या लाईनीतल्या बाया भाजी घेताना भेटतात. त्या ह्यांच्या हातांबद्दल विचारत नाहीत, मी त्यांच्या नवऱ्यांबद्दल विचारत नाही. भाव करतो, पिशवी उचलतो आणि आपापल्या घरी जातो.