पंखा बंद करून बघायचे सिनेमे

आमच्या हिच्या मामांनी सिनेमा या गोष्टीचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं महाग तिकिटांनी आणि मऊ पडलेल्या पॉपकॉर्ननेही केलेलं नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमचे जेवढे म्हणून नातेवाईक पसरलेले आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला मामांनी कधी ना कधी एखादा सिनेमा सुचवला आहे आणि त्यानंतर त्या माणसाने महिनाभर फक्त बातम्या पाहिल्या आहेत. मामा ठाकुर्लीला राहतात. इतर लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. मामा विचारतात, "सध्या काय बघताय?" आणि तुम्ही नाव उच्चारायच्या आत म्हणतात, "ते नका बघू." मग स्वतःचा सिनेमा सुचवतात. तो उन्हाळ्यातलाच असतो. म्हणजे उन्हाळ्यात लागलेला नव्हे, तर ज्यात उन्हाळा आहे असा. शिवाय तो कोणी पाहिलेला नसावा, ही दुसरी अट. तीनपेक्षा जास्त माणसांनी पाहिलेला सिनेमा मामांच्या लेखी दुसऱ्याच्या टॉवेलसारखा, वापरायची इच्छाच होत नाही. त्यांच्या यादीत एक सिनेमा असा आहे की त्यात एक कुटुंब दोन तास पंखा दुरुस्त करणाऱ्याची वाट बघतं. तो येत नाही. दुसऱ्यात दोन भाऊ एका फणसावरून भांडतात, आणि त्यांचं भांडण मिटेपर्यंत फणस आपोआप पिकून फुटतो. "याला म्हणतात कथा," असं मामा म्हणाले, तेव्हा मी मान डोलावली. जावयाला याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

मामांच्या या छंदाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर शेड जुळवायचं काम करत होते. गिऱ्हाइकाने पाठवलेली चिंधी आणि कारखान्यात तयार झालेला रंग शेजारी शेजारी ठेवायचा आणि खिडकीपाशी जाऊन सांगायचं की यात लाल किंचित जास्त झालाय. मशीन चुकलं तर मामा सांगायचे, मामा चुकले असं मशीनने कधी सांगितल्याचं ऐकिवात नाही. निवृत्तीनंतर ही नजर मोकळी सुटली आणि सिनेमांवर जाऊन बसली. पिवळ्या रंगाचे अकरा प्रकार असतात आणि उन्हाचा पिवळा त्यातला कुठला यावरून महिना आणि वेळ कळते, असं त्यांचं म्हणणं. चांगल्या रंगात आलेल्या सिनेमाच्या मध्येच ते ओरडायचे, "लबाडी! मे महिना म्हणतोय आणि सावल्या बघा केवढ्या लांब! भर थंडीत काढलाय सिनेमा. त्या हिरोच्या कपाळावरचा घाम बाटलीतला आहे." झालं, तो सिनेमा यादीतून बाद. कल्याणला माझे साडू राहतात, त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ सगळे कौतुकाने बघत असताना मामा म्हणाले होते, "मुहूर्त साडेबाराचा होता ना? हार घालताना सावली दीडची दिसते." साडू त्यानंतर दोन वर्षं ठाकुर्लीला फिरकले नाहीत. त्यांच्या बायकोला मात्र तेव्हापासून शंका आहे की या संसारात जे काही बिनसतं ते त्या एका तासामुळे.

दरवर्षी मे महिन्यातल्या रविवारी दुपारी दोन वाजता मामांच्या घरी सिनेमाचं शिबिर भरत असे. शेवटचा मजला, वर तापलेला स्लॅब, आणि पंखा बंद. "पडद्यावरचा माणूस घामाने निथळतोय आणि आपण वारा खात बसायचं? शोभतं का?" हा मामांचा नियम. आम्ही जावई, मेहुण्या, चुलत-मावस गोतावळा ओळीने भिंतीला टेकून बसायचो. मामी कुरडयांची परात घेऊन गच्चीकडे जाता जाता कोपराने पंख्याचं बटण दाबायच्या. "अगं, बंद कर," मामा मागे न बघता म्हणायचे. "माणसं मरतील अहो." "सिनेमा बघताना कोणी मेलेलं नाही." परत येताना मामी पुन्हा बटण दाबायच्या. मध्यंतर नसलेल्या सिनेमालाही मामा मध्यंतर द्यायचे आणि त्यात कोकम सरबत मिळायचं. आम्ही ज्याची वाट बघायचो ते एवढंच. साडूंनी उघड्या डोळ्यांनी झोपण्याची विद्या याच घरात मिळवली आणि तिचा त्यांना पुढे ऑफिसच्या मीटिंगांत फार उपयोग झाला. सिनेमा संपला की मामा एकेकाकडे बघत विचारायचे, "शेवट कसा वाटला?" आम्ही "सुंदर" म्हणायचो. मग ते विचारायचे, "सुंदर म्हणजे नेमकं काय झालं?" आणि सगळे चपला शोधायला लागायचे. मामांना आमच्याकडून तेवढंच हवं होतं, कोणीतरी एकाने एक सिनेमा शेवटपर्यंत जागं राहून बघावा आणि शेवट सांगावा. इतक्या वर्षांत ते आमच्यापैकी एकालाही जमलं नाही.

गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत मामांचा विक्षिप्तपणा वाढत चालला होता, असं आमचं सगळ्यांचं मत पडलं. पूर्वी ते भिंतीशी आरामखुर्चीत बसायचे. मग खुर्ची टीपॉयपाशी आली, मग टीपॉयच्या पुढे. "पुढच्या वर्षी मामा टीव्हीच्या आत बसणार," असं साडू म्हणाले आणि आम्ही पोट धरून हसलो. सिनेमा मध्येच थांबवून ते परीक्षा घ्यायचे. "आता तिच्या चेहऱ्यावर काय आहे? सांगा जावईबापू." मी म्हणायचो, "दुःख." "भिंतीवर ऊन कुठपर्यंत आलंय?" मी म्हणायचो, "अर्ध्यापर्यंत." ते मान हलवून सिनेमा पुढे सुरू करायचे. शाळा सुटून पंचवीस वर्षं झाली तरी तोंडी परीक्षा काही सुटत नाही, असं मी परतताना हिला म्हणालो होतो.

या वर्षी एप्रिलमध्येच फॅमिली ग्रुपवर मामांचा आवाजी निरोप आला. एरवी मामा अनुस्वार तपासून तीन परिच्छेद टाइप करायचे, यंदा चक्क बोलले. मामा मॉडर्न झाले, अशी त्यावर चर्चा झाली. निरोप असा होता की या वर्षी शिबिर नाही, लिंक पाठवतोय, आपापल्या घरी बघा. "हा माझा सगळ्यात आवडता सिनेमा. एका दुपारचा आहे. एक आजारी म्हातारा अंगणात खाटेवर झोपलाय. जसजशी लिंबाची सावली सरकते तसतशी त्याची बायको ती खाट सावलीत ओढत राहते. बस्स. पण शेवट नीट बघा आणि मला फोन करून सांगा. प्रत्येकाने सांगा." शिबिर रद्द झाल्याच्या आनंदात आम्ही सगळ्यांनी अंगठे पाठवले.

मी बघायला बसलो होतो, खोटं कशाला सांगू. बाळकुमला आमच्या घरी एसी लावून, उशी टेकून. खाट तिसऱ्यांदा सरकली तिथपर्यंतचं मला आठवतं. उठलो तेव्हा चहा झाला होता आणि ग्रुपवर साडूंचा अभिप्राय येऊन पडला होता: "मामा, शेवटी काय पाऊस घेतलाय यार! मानलं!" साडूंचा हिशेब सरळ होता. दीड तास ऊन दाखवलंय म्हणजे शेवटी पाऊस पडणारच, त्याशिवाय दिग्दर्शक घरी जाणार कसा? अर्ध्या तासात मेहुणीने लिहिलं, "आणि तो मातीचा वास!" सिनेमात वास कसा आला हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याने तो सिनेमा पाहिलेला असायला हवा होता. डोंबिवली, कोपर, कल्याण, सगळीकडून ग्रुपवर धो धो पाऊस पडला. ही म्हणाली, "तू खरंच बघितलास का रे?" मी म्हटलं, "मी झोपलेलो, पण शेवट कळला ना." आणि मामांना फोन लावून मी आमच्या घराण्याचं नाव राखलं. म्हटलं, "मामा, ती म्हातारी पावसात भिजत उभी राहते ना, तिथे डोळ्यांत पाणी आलं हो."

मामा म्हणाले, "भिजते का? बरं. बघितलंत, छान केलंत." मला वाटलं, मामा खूश झाले.

चार दिवसांनी मामींचा हिला फोन आला. हे नीट जेवत नाहीत, म्हणाल्या. सारखं एकच, "अगं, शेवटी पाऊस पडतो का गं? मला तर आठवत नाही. पण सगळे म्हणतायत." मामांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. मधलं सगळं पुसट होत होत गेलं होतं, आता कडेचं तेवढं दिसायचं. मामांनी कोणाला सांगू दिलं नव्हतं. शेड जुळवणाऱ्या माणसाला ते सांगायची लाज वाटत होती. "मलाच बसवलं होतं बघायला," मामी म्हणाल्या, "पण पाचव्या मिनिटाला माझा डोळा लागला गं. आता यांना वाटतंय डोळ्यांबरोबर डोकंही गेलं." हिने फोन ठेवला आणि माझ्याकडे जे बघितलं, त्यात पावसाचा लवलेशही नव्हता. मलाही इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो माणूस परीक्षा घेत नव्हता, विचारत होता, आणि आम्ही त्याच्या आवडत्या सिनेमात पाणी घालून मोकळे झालो होतो.

पुढच्या रविवारी दुपारी दोनला मी ठाकुर्लीला पोचलो. "मामा, मी सिनेमा बघितला नव्हता," दारातच सांगून टाकलं. "कोणीच नाही बघितला." मामा म्हणाले, "म्हणजे पाऊस?" मी म्हटलं, "माहीत नाही. बघू या." त्यांनी हाताने चाचपून खुर्ची टीव्हीपासून मागे, पूर्वीच्या जागी भिंतीशी सरकवली आणि आपण होऊन पंखा बंद केला. मामीही हात पुसून येऊन बसल्या. मी सांगायला लागलो. "ऊन आहे, पिवळं." "पिवळं काय पिवळं! हळदीचं की केळ्याच्या सालीचं?" "केळ्याच्या. डाग पडायच्या आधीच्या." "हां, मग बारा वाजलेत. पुढे." दीड तास मी घाम पुसत बोलत होतो. सातव्यांदा खाट सरकली. आठव्यांदा सरकली. मग सावली कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे शेजाऱ्याच्या अंगणात उतरली, आणि खाट सरकवायला जागाच उरली नाही.

"आता?" मामा पुढे झुकले.

"म्हातारी बघतेय. खाट ओढून बघते, भिंतीला टेकते. आता ती मागे आली. म्हाताऱ्याच्या उशाशी, उन्हाच्या बाजूने उभी राहिली. तिची सावली त्याच्या तोंडावर पडली, मामा."

"सावली किती लांब?"

"तिच्याहून जराशी लांब."

"मग चार वाजलेत. बरोबर. आणि पाऊस?"

"नाही हो. एक थेंब नाही. नुसती उभी आहे. नावं यायला लागली तरी उभीच आहे."

"उभीच असते," मामा म्हणाले. "मला तसंच आठवत होतं." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. आता त्या चष्म्याचा तसा काही उपयोग नव्हता.

मामी इतका वेळ जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, बसायला सांगा तिला कोणीतरी. पाय दुखतील बिचारीचे." मामा मोठ्याने हसले. मग मामी उठल्या, जाता जाता कोपराने पंख्याचं बटण दाबलं, आणि या वेळी मामांनी तो चालू राहू दिला.

आता मी दर रविवारी जातो. साडूंना अजून कळलेलं नाही, ते अधूनमधून ग्रुपवर त्या पावसाची आठवण काढतात आणि मामा त्यांना आवाजी निरोपात "वा" म्हणतात. मला पिवळ्याचे सहा प्रकार यायला लागले आहेत, उरलेले पाच मामा शिकवणार आहेत. तुम्हालाही तो सिनेमा सुचवला असता, पण नाव सांगायला मामांनी मनाई केली आहे, कारण आम्ही तिघांनी तो आता पाहिला आहे. यादीत बरेच बाकी आहेत. मामा दर वेळी विचारतात, "जावईबापू, पुढच्या रविवारी येणार ना?" आणि हल्ली, ते विचारायच्या आतच, मी हो म्हणतो.