रघू मेस्त्रीची भंगारातली हत्यारं

भंगाराच्या धंद्यात लोखंड तोलून घ्यावं लागतं, किस्से मात्र लोक फुकट टाकून जातात. कोणी मोडकी सायकल विकायला येतो. ती कशी मोडली ते सांगितल्याशिवाय त्याला पैसे घ्यावेसे वाटत नाहीत. सायकल आठवड्यात वितळायला जाते, गोष्ट दुकानातच राहते. माझ्याकडं अशा इतक्या साठल्यात की त्यांचाच ढीग घालायला वेगळा प्लॉट घ्यावा लागला असता. त्यातला हा एकच कोपरा उपसतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदलं वर्ष. नगरला स्टेशन रोडला माझं पत्र्याचं दुकान होतं. मागच्या अंगाला निवृत्तीमामा लोहाराची भट्टी. मामाकडून मी भाडं घेत नव्हतो. त्याच्या बदल्यात ढिगातलं कुठलं लोखंड चांगलं आणि कुठलं नुसतंच जड, हे तो मला सांगायचा. व्यापारात मला तोटा आला असेल, पण या व्यवहारात कधी आला नाही.

दुसरा माणूस रघू मेस्त्री. पाथर्डीकडचा. दिवसा एका मोटार गॅरेजात रोजंदारी करायचा आणि दसरा झाला की बायकोला, कौसाबाईला, घेऊन ऊसतोडीला जायचा. नवरा-बायको मिळून मुकादम त्यांना एक कोयता धरायचा. मुलगी अर्थात बरोबर. त्यामुळं ती तिसरीत दोनदा बसली होती.

त्या वर्षी कौसाबाईनं जाहीर केलं, "औंदा मी जात न्हाई. पोरगी तिसरीतच म्हातारी व्हायची."

नगरजवळ नागापूरला तेव्हा कारखान्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या. एका कंपनीला फिटर हवे होते. येताना स्वतःची हत्यारं आणायची, काम करून दाखवायचं, अशी अट. रघूच्या हातात काम होतं, पण सर्टिफिकेट नव्हतं आणि हत्यारं तर नव्हतीच. हत्यारांच्या दुकानात त्यानं नुसता हात लावला तरी दुकानदार किंमत सांगायचा आणि रघू हात काढून घ्यायचा.

शेवटी तो माझ्या ढिगासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "शेठ, दसऱ्याच्या आत सगळी हत्यारं ह्यातनं काढतो. न्हाईतर हायेच आमचा ऊस."

*

भंगारातून हत्यार निघतं हे मी मामाकडून शिकलो, आणि शिकवणी महागात पडली.

झिजलेल्या कानशी मी साध्या लोखंडाच्या भावात मामाला देत होतो. धार गेलेली कानस म्हणजे माझ्या लेखी जाड सळई. मामा त्या घेऊन जायचा, दगडावर एक आपटायचा, आवाज ऐकायचा आणि गप्प बसायचा. मला वाटायचं, म्हातारपण.

एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी बाजारातून सुरी आणली. भोपळा लोण्यासारखा कापला जात होता. त्या कौतुकानं दाखवायला आल्या. मी पातं उलटं करून पाहिलं, तर कण्याजवळ बारीक तिरप्या रेघा. कानशीचे दात. माझ्याच दुकानातलं लोखंड भंगाराच्या भावानं जाऊन सोन्याच्या दिमाखात माझ्याच घरी परत आलं होतं.

मी विचारलं, "केवढ्याला?"

त्या म्हणाल्या, "त्यानं जास्तच सांगितली होती. पण मी सांगितलं, आमच्या ह्यांना लोखंडातलं सगळं कळतं. मग केली कमी."

*

रघूनं पहिल्यांदा व्हाइस केला. काम घट्ट धरून ठेवायचं ते हत्यार. जुन्या मोटारीच्या जॅकचा आटा, खाली रुळाचा तुकडा आणि जबड्यांना ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे दोन तुकडे. एक जबडा जरासा तिरका होता. मी ते दाखवल्यावर म्हणाला, "सरळ धरत न्हाई शेठ, पन धरलं की सोडत न्हाई."

याचा अनुभव मलाच आला.

सौदा करताना माझी एक पद्धत होती. समोरच्यानं भाव सांगितला की मी काही न बोलता उठून चालायला लागायचो. दहा पावलं जायच्या आत तो हाक मारायचा. सगळी पेठ ही पद्धत ओळखून होती, तरी हाक मारायचीच.

त्या दिवशी श्रीगोंद्याचा एक गुऱ्हाळवाला जुन्या कढया घेऊन आला. मी रघूच्या व्हाइसला टेकून उभा होतो. पलीकडून रघू पट्टी आवळत होता. गुऱ्हाळवाल्यानं भाव सांगितला. मी सवयीनं तोंड फिरवलं आणि निघालो, तर धोतर मागं. सोगा जबड्यात. रघूनं घाईघाईनं दांडा फिरवला तो उलटाच. आटा आणखी आवळला.

गुऱ्हाळवाला आपल्या ठिकाणी शांत बसून होता. म्हणाला, "शेठ, या टायमाला थांबलात. म्हंजे भाव पटला म्हनायचा."

त्या कढया मी त्याच्या भावात घेतल्या. धोतर तासाभरानं सुटलं.

*

लोहार तापवलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतो. त्याला पाणी देणं म्हणतात. मामाचा त्या बाबतीत हट्ट होता. एका ठराविक विहिरीचंच पाणी लागायचं. नळाच्या पाण्यानं पातं रुसतं म्हणायचा.

रघूच्या छिन्न्या मात्र त्या पाण्यात दोनदा तडकल्या. रघूनं गॅरेजात ऐकलं होतं की कंपनीत असल्या पोलादाला तेलात बुडवतात. मामा म्हणाला, "तेलात भजी तळत्यात."

रघू ऐकेना. घरातून गोडेतेलाचा डबा घेऊन आला. मामानं नाइलाजानं लालभडक छिन्नी तेलात सोडली. चर्र झालं, धूर झाला आणि असा वास सुटला की माझ्याही तोंडाला पाणी आलं. पाच मिनिटांत रस्त्यावरचे दोन पाहुणे आत येऊन बाकड्यावर बसले. टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. एकानं विचारलं, "मिरच्या संगट देता का निराळ्या?"

मामा म्हणाला, "बसा. छिन्नी निघतीय."

छिन्नी मात्र अशी निघाली की पुन्हा तडकली नाही. मामानं ते कबूल केलं नाही, पण पुढं महिनाभर तो मला घरी शिळं तेल आहे का विचारायचा.

कौसाबाई दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन दुकानात आली. छिन्नी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. म्हणाली, "आठवड्याचं कालवण प्यालीय ही. आता सैपाकबी हिलाच करायला सांगा."

*

मग गुण्या झाला. काटकोन तपासायचं ते हत्यार. तुटक्या करवतीचं पातं आणि पितळेच्या पट्टीची मूठ. झाल्याबरोबर रघू सगळीकडं लावून बघत सुटला. माझ्या दुकानाच्या चौकटीला लावला आणि त्याचा चेहरा पडला.

"शेठ, दुकान पूर्वेला कलतंय."

मी हसण्यावारी नेलं. पण दिवसभर मला गल्ला घरंगळेल असं वाटत राहिलं. संध्याकाळी गवंडी बोलावला. त्यानं ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, दुसरा मिटला आणि म्हणाला, "दुकानाला काय झालंय? तुमचंच काय बिनसलंय का?"

रघूनं गुण्या पुन्हा सोडवला, घासला, नीट केला आणि संपूर्ण पेठेत फिरून आला.

"शेठ," परत येऊन म्हणाला, "आता तुमचं एकट्याचंच सरळ हाय. बाकी समदी कलल्यात. पन कुनाला सांगितलं न्हाई."

*

एक गोष्ट भंगारातून होत नव्हती. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर. तो विकतच घ्यायला हवा होता. रघूकडं पैसे नव्हते आणि उसने घ्यायला कौसाबाईची बंदी. मी म्हटलं, "अरे, माल कर आणि वीक. गर्दी कुठं असते? शनिशिंगणापूरला, अमावास्येला."

शनिवारी लोखंड कोणी विकत घेत नाही एवढं मला कळत होतं, म्हणून अमावास्या सोमवारची धरली. रघूनं आठ दिवस खपून पत्र्याच्या पट्ट्यांपासून दाराच्या कड्या आणि कोयंडे केले. पोतं भरून टेम्पोत टाकलं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर मामा माझ्याजवळ आला.

"शेठ, शिंगणापुरात घरांना दारं न्हाईत."

मी लहानपणापासून तिथं जातोय. पण धंद्याच्या विचारात असलो की माझा माझ्यावर ताबा नसतो. दिवसभर मी रघूला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत बसलो.

संध्याकाळी रघू आला. पोतं रिकामं.

"समद्या गेल्या," तो म्हणाला.

"गावकऱ्यांनी घेतल्या?"

"त्यांनी हसून घेतलं नुसतं. पन बाहेरगावची मान्सं बिनदाराची घरं बघायची, जरा येळ उभी ऱ्हायची, मंग त्यांना आपापलं घर आठवायचं. एकेकानं दोन दोन नेल्या."

*

व्हर्नियर आला आणि मागोमाग कंपनीचं बोलावणं आलं. मी तारीख वाचली. मामानं पंचांग काढलं. खंडेनवमी.

त्या दिवशी आपल्याकडं कारागीर हत्यारं धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची फुलं वाहतो आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उठेपर्यंत त्यांना हात लावत नाही. मामा त्या दिवशी भट्टीतला चिमटासुद्धा उचलायचा नाही, विडी पेटवायला दुसऱ्याकडून काडी मागायचा.

मी म्हटलं, "पूजा करून घेऊन जा की. देवाला समजतं."

मामानं पंचांग फटकन मिटलं. जाताना रघूला म्हणाला, "त्या दिशी उचललं तर वरीसभर हातावर उलटंल बघ."

रघूचं तोंड उतरलं. न जावं तर नोकरी गेली, जावं तर हत्यारं रुसली.

नवमीला सकाळी मी माझी सायकल द्यायला त्यांच्या खोलीवर गेलो. मामाही मागोमाग आला, बहुतेक रघूला अडवायला. पाटावर पूजा मांडली होती. हळदकुंकू, झेंडू, आणि मधोमध एकटा ऊसतोडीचा कोयता. रघूच्या हत्यारांची पिशवी दाराशी तशीच.

मामानं विचारलं, "ह्यांची पूजा?"

कौसाबाई म्हणाली, "ही कुठं हत्यारं हायत मामा? शेठच्या दुकानातलं भंगार हाय. भंगाराची पूजा कोन करतं? ह्यास्नी नोकरी लागली म्हंजे त्याला हत्यारं म्हनायचं. मंग फुडल्या साली बघू."

मामानं पाटाला हात जोडले. मग पिशवी स्वतः उचलून त्यानं सायकलच्या हँडलला अडकवली.

दिवसभर दुकान बंद होतं, पण आम्ही तिघं तिथंच बसून होतो. तिसऱ्या प्रहरी रघू आला. सायकल हातात धरून, चालत. नागापूरपासून तो चालत आला होता. बसून यायचं त्याला सुचलंच नव्हतं. हँडलला पिशवी नव्हती.

"हत्यारं?" कौसाबाईनं विचारलं.

"साहेबानं ठिवून घेतली."

मग त्यानं सगळं सांगितलं. काम चांगलं झालं. चौकोनी भोकात चौकोनी तुकडा असा बसवला की मधून उजेड दिसेना. पण सर्टिफिकेट नाही म्हटल्यावर कारकुनानं नावापुढं लाल खूण केली आणि कळवू म्हणाला. बाहेर पडताना गेटवर वॉचमननं पिशवी उघडली. इतरांची दुकानातली हत्यारं त्यानं येताना नावानिशी लिहून घेतली होती. रघूच्या नावापुढं नुसतं 'पिशवी' लिहिलं होतं. आत बघतो तर पाट्याचे तुकडे, कानशी, बेअरिंगच्या कड्या. म्हणाला, कंपनीचं भंगार चोरून नेतोस होय?

"मी म्हनलं, माजी हत्यारं हायत. तो म्हनला, हत्यारं अशी असत्यात व्हय? मंग साहेबाला बोलावलं. साहेबानं एक एक काढून टेबलावर मांडलं. हे कशाचं, ते कशाचं इचारलं. एका छिन्नीनं लोखंडाचा तुकडा तोडून बघितला. बोलला काय न्हाई. हा कागद लिवून दिला, पिशवी उचलली आन आत गेला."

"म्हनलं हुतं मी," मामा पुटपुटला.

मुकादम दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला येणार होता, आणि तो नुसतं सोनं देऊन जात नाही, तोडीची आगाऊ उचलही हातावर ठेवतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी कागद घेतला. इंग्रजी होतं. माझं इंग्रजी लिलावाच्या याद्या वाचून झालेलं. मोडकं, निकामी, जसं आहे तसं, एवढे शब्द मला फाडफाड येतात. यातला एकही त्या कागदावर नव्हता, म्हणून वेळ लागला. मग बोट ठेवून वाचलं.

"गेटपास. पिशवी एक. फिटरची हत्यारं, स्वतः बनवलेली. बाहेर नेण्यास परवानगी नाही. पिशवीचा मालक सोमवारी सकाळी कामावर हजर होईल, तेव्हा त्याच्या ताब्यात द्यावीत."

मामानं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. रघू वजनकाट्याच्या पारड्यात बसला, आणि पारडं खाली टेकलं तरी त्याला कळलं नाही.

कौसाबाई उठली. पदर खोचला आणि निघाली. दाराशी गेल्यावर वळून मला म्हणाली, "शेठ, उद्या पूजा उठली की कोयता घिऊन येते. भंगारात काय भावानं घेता ते आत्ताच सांगून ठिवा."