विजेच्या पटावरचे साडभाऊ

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या साडभाऊंइतका भित्रा माणूस दुसरा नाही. अतिशयोक्ती करण्याची मला सवय नाही. विजेच्या बिलाचा आकडासुद्धा मी पैशांसकट सांगतो. तेव्हा हे विधान पुरते जोखून केले आहे असे समजावे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने तेही मला साडभाऊच म्हणतात, त्यामुळे आम्ही दोघे ओसरीवर बोलू लागलो की आतल्या माणसाला कोण कोणाला हाक मारतो आहे ते कळत नाही. त्यांचे गाव गोंडपिपरीहून आत, जंगलाला लागून. कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत ते अंगणात जाऊन उभे राहतात. नागपूरच्या एका दवाखान्यात लिफ्टला भिऊन ते पाच मजले जिने चढून गेले, आणि वर डॉक्टरांनी रक्तदाब मोजून त्यांना तिथेच भरती करून घेतले. सुट्टे पैसे घेताना प्रत्येक नाणे बोटांनी चाचपून पाहतात, खोटे निघेल म्हणून. एसटीत त्यांची जागा ड्रायव्हरच्या पाठीमागची. प्रत्येक वळणाच्या आधी ते उजवा पाय खाली दाबतात आणि हळूच म्हणतात, "सोडा साहेब, सोडा." एकदा सिरोंच्याच्या गाडीचा ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "काका, तुम्हीच या ना इथी." साडभाऊ हात जोडून म्हणाले, "नाई जी. मले भेव लागते."

आणि याच माणसाने उमेदीची कितीतरी वर्षे विजेवर पोट भरले, हे सांगितले तर आजच्या मुलांना पटत नाही. तरुणपणी नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी विजेच्या मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक पाहिला. टेबलावर मांडलेला वळणावळणाचा रस्ता, त्यात दोन खाचा, खाचांच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसवायची आणि हातातले बटण दाबायचे. जितके दाबाल तितकी गाडी पळते. साडभाऊ दिवसभर तिथेच उभे होते. परत आल्यावर त्यांनी गावच्या सुताराकडून सागाच्या बारा फळ्या करवून घेतल्या, त्यात खाचा पाडल्या, आणि बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरच्या मोटरी काढून दोन गाड्या बनवल्या. ट्रान्सफॉर्मरमधून येणारा करंट बारा व्होल्टचा. त्याने मुंगीसुद्धा दचकली नसती. तरी साडभाऊ रबरी चपला घालून, कोरड्या पाटावर उभे राहून, एक हात खिशात ठेवून खेळ चालवत. "करंटले का आपली ओळख हाये?" असे ते विचारत.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. साडभाऊंनी आपला तंबू या पटाच्या शेजारी लावला आणि वर पाटी टांगली : विजेचा पट. तिकीट एक रुपया, पाच फेऱ्या. पाचही फेऱ्यांत गाडी खाली पडली नाही तर रुपया परत. लोकांनी त्या गाड्यांना बैलांसारखेच वागवले. लाल गाडीचे नाव लाल्या पडले, पांढरीचे चांद्या. पैज लागली की कोणी लाल्याच्या टपावर गुलाल टाकी, कोणी चांद्याला हळद लावी, आणि ती हळद तांब्याच्या पट्ट्यांवर सांडून खेळ बंद पडे. मग साडभाऊ मेन स्विच काढून, पुन्हा एकदा काढला आहे ना हे पाहून, रॉकेलच्या बोळ्याने पट्ट्या पुसत बसत.

पण खरी गंमत वेगळीच होती. शंकरपट सरळ असतो. त्यात वळण नाही. जोडी सुटली की शेवटच्या रेघेपर्यंत हाकायची, एवढेच आमच्या लोकांना ठाऊक. त्यामुळे जो येई तो अंगठा बटणावर गच्च दाबून ठेवी, तोंडाने बैल हाकल्यासारखा ओरडे, आणि पहिल्याच वळणावर लाल्या खाचेतून उडून समोरच्याच्या सदऱ्यात. पंचक्रोशीत नाव असलेला एक धुरकरी, म्हणजे पटाची जोडी हाकणारा, एकदा मिशीला पीळ देत आला. साडभाऊ पाटावरून ओरडत होते, "सोडा! वळण आलं, सोडा!" तो म्हणाला, "अबे, पटात कोनी सोडते का?" चांद्या उडून भज्यांच्या कढईत पडला. भजेवाल्याने झाऱ्याने बाहेर काढला. धुरकऱ्याने चिडून साडभाऊंनाच खेळायला लावले. साडभाऊंनी अंगठा नुसता टेकवला. सरळ रस्त्यावर थोडे दाबायचे, वळण यायच्या आधीच सोडायचे, वळण सरले की पुन्हा दाबायचे. त्यांची गाडी कधीच जोरात पळाली नाही आणि कधीच पडली नाही. त्या तंबूत त्यांना कोणी हरवल्याचे मी तरी पाहिले नाही. "तुमाले भेव नाई लागत, म्हनून पडता," ते धुरकऱ्याला म्हणाले, "मले वळण दिसाच्या आंधीच भेव लागते." मी स्वतः दर मंडईत एक रुपया देत आलो. एकदाही परत मिळाला नाही.

पुढे घरोघर टीव्ही आले, व्हिडिओ गेम आले, आणि तंबूसमोर रांग लागेनाशी झाली. साडभाऊंनी फळ्या, लाल्या-चांद्यासकट, बैलगाडीत घालून शेतावरच्या खोलीत माळ्यावर नेऊन ठेवल्या आणि धानाच्या शेतीला लागले. इतक्या वर्षांत त्या फळ्यांचे नावही निघाले नव्हते.

यंदा उन्हाळ्यात बाईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, फोन आला. साडभाऊंना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर शांत बसले होते. म्हणाले, "साडभाऊ, डोये हायेत तवरी एकदा पट चालवून पाहीन म्हनतो." एवढेच. भेव लागते हे शब्द त्यांनी काढले नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी मला भीती वाटली.

अडचण अशी होती की शेताकडे दोन पिल्लांची वाघीण फिरत होती. शेजारच्या गावची, मोहफुले वेचायला गेलेली एक बाई परत आली नव्हती. लोक शेतावर जायचे तर दहाबाराच्या घोळक्याने, डबे वाजवत. मी म्हटले, उद्या ट्रॅक्टर सांगू, माणसे घेऊ. पण आधी वाळवीने काही ठेवले आहे का ते तर पाहून येऊ. भर दुपार होती, माझी मोटारसायकल होती, आणि वाघाबद्दल मी आजवर फक्त वर्तमानपत्रात वाचले होते. बाई म्हणाल्या, "काऊन जाता जी दोघंच?" साडभाऊ वाजवायला एक पितळी थाळी घेऊन मागे बसले.

बांबूच्या राखोडी बेटांमधून जाणारी ती गाडीवाट. साडभाऊंना आता समोरचे धूसर दिसत होते, पण वाट पाठ होती. "वळण आलं, सोडा." मी सोडी. "आता दाबा." मी दाबी. तिसऱ्यांदा ते म्हणाले तेव्हा मला वळण दिसतही नव्हते. थोडा रागच आला, तरी सवयीने मूठ ढिली केली. गाडी रांगत वळणावरून पुढे गेली, आणि वाटेत आडवी वाघीण बसलेली होती. मधले अंतर आमच्या ओसरीच्या लांबीपेक्षा जास्त नसेल. मूठ ढिली केली नसती तर आम्ही थेट तिच्यावरच गेलो असतो.

इंजिन बंद पडले. तिने मान वळवून पाहिले. मागून साडभाऊंचा आवाज आला, कुकरजवळ असतो त्याहून कितीतरी स्थिर. "पिवळं दिसून राह्यलं. वाघ हाये का?"

होय म्हणून मी मान हलवली.

"पाहून राह्यली का आपल्याकडं?"

मी पुन्हा मान हलवली.

"पळू नोका. पाठ दाखवू नोका. गाडी चालू नोका करू. पाय टेकवत मांगं घ्या." त्यांनी थाळी पोटाशी घट्ट धरली होती, चुकून वाजू नये म्हणून. दुसऱ्या हाताने त्यांनी माझा खांदा धरला. बांबूत उजवीकडे काहीतरी खसखसले. पिल्ले तिथेच होती. वाघीण उठून उभी राहिली. तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मला कानांनी नाही, मोटारसायकलच्या टाकीवर टेकलेल्या गुडघ्यांनी ऐकू आला. "सोडा," साडभाऊ कानाशी म्हणत होते, "श्वास सोडा, साडभाऊ. मांगं. अजून मांगं." वळणाचा बांबू आमच्या आणि तिच्यामध्ये आला तोवर माझा सदरा पाठीला चिकटला होता.

गावात पोचल्यावर मला अंगणात बसवून पाणी पाजावे लागले. मी विचारले, "तुम्हाला भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "मी तं साठ वर्षं झाले रोजच भेऊन राह्यलो. तुमची पयलीच वेळ हाये." मग बाईंनी कुकर चढवला आणि ते उठून माझ्याजवळ अंगणात येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी वीसेक माणसे, ट्रॅक्टर आणि एक ढोल घेऊन फळ्या आणल्या. बारापैकी सहा धड होत्या. त्यांचा दोन वळणांचा लहानसा पट ओसरीवर जुळला. पट्ट्या घासल्या, एका गाडीची मोटर फिरली. साडभाऊ रबरी चपला घालून पाटावर उभे राहिले, एक हात खिशात. बटण दाबले आणि गाडी गुणगुणत निघाली. पहिल्याच वळणावर उडाली. त्यांच्या हातून गाडी पडलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. ते फळीकडेच पाहत होते, पण गाडी होती तिथे नाही.

मी गाडी उचलून खाचेत बसवली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. "दाबा," मी म्हणालो. "अजून. आता सोडा." त्यांनी सोडले. "दाबा." बाई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. सोडा, दाबा, सोडा, दाबा. प्रत्येक वळणाच्या आधी मला गाडीवाटेवरचीच भीती वाटत होती. पाच फेऱ्या झाल्या. गाडी पडली नाही.

साडभाऊंनी बटण खाली ठेवले. "कोन होता जी?" त्यांनी विचारले. "लाल्या का चांद्या?"

"लाल्या," मी म्हणालो.

त्यांनी तळहात पुढे केला. "पाच फेऱ्या झाल्या. रुपया वापस."

त्यांनी तिकीट काढलेच नव्हते, हे मी बोललो नाही. खिशातून एक रुपया काढून विजेच्या पटाच्या मालकाला दिला. त्यांनी तो बोटांनी बराच वेळ चाचपून पाहिला. खोटा तर नाही ना, अशी भीती त्यांना तेव्हाही वाटत होती.