हिरवं बटन

हळद शिजायचा वास आला की ती दुपार आठवते बघा. सुनेनं आमच्या हळदीची वेबसाइट केली होती. मोठी अक्षरं, एकच फोटो आणि वरच फोनचं हिरवं बटन. "आई, कुणाला न विचारता तुमाला वापरता आली तरच साइट चांगली," ती म्हणाली. मी बटन दाबलं. तिनं नंबर जुन्या पोत्यावरून उतरवला होता, म्हंजे आमच्या ह्यांचा. ते वारल्यापासून बंदच होता तो. तरी उचलला कुणीतरी. फोनात मागं कढई खदखदत होती. "जेवलीस का?" ह्यांचाच आवाज. सुनेनंबी ऐकला, फोन कट केला, म्हणाली, "नंबर बदलू?" गिऱ्हाईक तिकडं जायला नको, म्हणून बदल म्हटलं. आता साइटवर माझा नंबर हाय. फोन वाजला की उचलते, पण पलीकडनं कुणाचा आवाज येतोय ते कळेपर्यंत तोंड उघडत न्हाई.